पडल्यानंतरची कामं

मराठीत उमेदवार निवडणुकीला उभा राहतो आणि हरला की पडतो. अमेरिकन इंग्रजीत तो धावतो. पडलेला माणूस अंग झटकून परत उभा राहू शकतो. आपल्याकडे तीनदा पडून चौथ्यांदा उभी राहिलेली मंडळी तालुक्या-तालुक्यात सापडतात आणि त्याचं कोणाला फारसं आश्चर्यही वाटत नाही. शर्यत मात्र संपली की संपली. शब्दांवरून संस्कृती काढण्याचा उद्योग मला एरवी आवडत नाही, पण इथल्या प्रचारांवरचे माहितीपट आणि पुस्तकं पाहता-वाचताना हा फरक सारखा आठवतो. निकालाची रात्र आली की कॅमेरा बंद होतो. जिंकलेल्यांच्या बाबतीत ते चालून जातं. हरलेल्यांच्या बाबतीत खरी गोष्ट तिथूनच सुरू होते आणि ती आपल्याला दाखवली जात नाही.

'नॉक डाउन द हाउस' हा रेचल लिअर्स यांचा २०१९चा माहितीपट घ्या. नेटफ्लिक्सवर आहे, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. २०१८ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत प्रस्थापितांविरुद्ध उभ्या राहिलेल्या चार स्त्रियांची ही गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ, मिझुरीत कोरी बुश, नेवाडात एमी विलेला, वेस्ट व्हर्जिनियात पॉला जीन स्वेरंजिन. चौघींपैकी एक जिंकली, तिघी पडल्या. आणि चित्रपटाचा मोठा वाटा अर्थातच जिंकलेलीला मिळाला आहे.

तक्रार नुसती मिनिटांच्या वाटणीची नाही. चित्रपट उत्तम आहे. बारमध्ये बर्फाच्या बादल्या उचलणारी उमेदवार, तिचं साधं पत्रक आणि दोन दशकं खासदार असलेल्या जो क्राउलींचं गुळगुळीत छापील पत्रक यांची ती स्वतः करते ती तुलना, हे सगळं मी दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा हसलो. माझा आक्षेप आहे तो आशेच्या हिशोबाला. विलेलांची बावीस वर्षांची मुलगी गेली. विम्याचा पुरावा देता आला नाही म्हणून तपासण्या झाल्या नाहीत, असं विलेला सांगतात, आणि त्या दुःखातूनच त्या निवडणुकीत उतरलेल्या आहेत. निकालाच्या दिवशी त्या कोसळतात. तेव्हा ओकासिओ-कोर्टेझ त्यांना फोनवर समजावतात, की आपल्यातली एक पोहोचायची तर शंभर जणींनी प्रयत्न करावाच लागतो. हे वाक्य नंतर खूप फिरलं. ऐकताना गहिवरून येतं हेही खरं. पण हे वाक्य जिला ऐकवलं जातंय तिच्या जागी बसून ऐकून बघा. उरलेल्या नव्याण्णव जणींचं पुढे काय? त्यांच्या प्रचारात जमलेल्या लोकांचं काय, ज्या दारांवर त्या गेल्या त्या दारांचं काय? शंभरातली एक हा हिशोब वरून, चळवळीच्या गच्चीवरून पाहिला तर बरोबर आहे. खाली, एका मतदारसंघात, तो हिशोब नसतो, सांत्वन असतं.

आता आकडे बघा. न्यूयॉर्कचा तो मतदारसंघ साधारण सात लाख वस्तीचा, पण प्रायमरीत दोघांना मिळून मतं पडली तीस हजाराच्या आत. ओकासिओ-कोर्टेझ सुमारे चार हजारांनी जिंकल्या. म्हणजे मोजके शेकडा स्वयंसेवक जिथे खरोखर निकाल फिरवू शकतात अशी ती जागा होती. स्वेरंजिन जो मॅनचिन यांच्याविरुद्ध अख्ख्या राज्यात उभ्या होत्या, त्यांना तीस टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली. या दोन लढतींत हिमतीचा फरक नव्हता, मैदानाचा होता. चित्रपट हा फरक सांगत नाही, कारण तो सांगितला तर आशा भावनेवरून उतरून अंदाजपत्रकावर येते. आणि अंदाजपत्रकावर माहितीपट निघत नाहीत, हे मान्य.

पडद्यावर न आलेला पुढचा भाग असा: कोरी बुश २०१८ला लेसी क्ले यांच्याकडून चांगल्याच फरकाने पडल्या, २०२०ला त्याच क्लेंविरुद्ध परत उभ्या राहून जिंकल्या, आणि २०२४च्या प्रायमरीत वेस्ली बेल यांच्याकडून पुन्हा पडल्या. स्वेरंजिन २०२०ला पक्षाचं सिनेटचं तिकीट मिळवण्यात यशस्वी झाल्या आणि मुख्य निवडणुकीत शेली मूर कॅपिटो यांच्यापुढे अक्षरशः भुईसपाट झाल्या. यातून आशावादी व्हायचं की निराश? मला वाटतं हा प्रश्नच जरा आळशी आहे.

इथल्या एखाद्या प्रचाराला एकदा तुमचा ईमेल मिळाला की काय होतं ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. सकाळी 'आपण जिंकतोय', दुपारी 'सगळं संपलं', रात्री बारापर्यंत पाच डॉलर. आशा आणि घबराट दोन्ही एकाच नळाने येतात. २०२० साली केंटकीत मिच मॅक्कॉनेल यांच्याविरुद्ध एमी मॅकग्रा यांनी या वाटेने सुमारे नऊ कोटी डॉलर उभे केले आणि जवळपास वीस टक्क्यांच्या फरकाने त्या हरल्या. ते पैसे बहुतांशी केंटकीबाहेरून आले होते. देणाऱ्यांना केंटकी जिंकायचं होतं असं मला वाटत नाही. मॅक्कॉनेलवरचा राग कुठेतरी नेऊन ठेवायचा होता. टफ्ट्स विद्यापीठातले राज्यशास्त्रज्ञ ईटन हर्श यांनी 'पॉलिटिक्स इज फॉर पॉवर' (२०२०) या पुस्तकात या प्रकाराला राजकारणाचा छंद म्हटलंय. बातम्या वाचणं, चिडणं, वाद घालणं, आणि शेजारच्या मतदाराला मात्र कधीच न भेटणं. पुस्तक जरा मास्तरी थाटाचं आहे, पण मुद्दा बिनतोड. छंदिष्टाची आशा सामन्याच्या गुणफलकावर चालते. म्हणून तो हरल्यावर मोडून पडतो आणि पुढच्या सामन्याला परत तितकाच ताजातवाना.

बरं, जे घराबाहेर पडतात त्यांचं तरी काही चालतं का? इथे आमच्या धंद्यातल्या लोकांनी बरंच थंड पाणी ओतलंय. जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी २०१८ साली एकोणपन्नास प्रत्यक्ष प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला. मुख्य निवडणुकीत दारावर जाऊन, फोन करून, पत्रकं टाकून मतदाराची उमेदवाराबद्दलची निवड बदलते का? सरासरी परिणाम शून्य. जवळपास शून्य नाही, शून्य. प्रायमरीत आणि सार्वमतात चित्र थोडं वेगळं, कारण तिथे पक्षाचं लेबल मदतीला नसतं. मतदानाला बाहेर काढणं ही वेगळी गोष्ट. १९९८ साली न्यू हेवनमध्ये ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी केलेल्या प्रयोगात दारावर प्रत्यक्ष भेट झाली तर मतदान आठ-नऊ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं आणि पगारी फोनवाल्यांचा काही उपयोग झाला नाही. तर दाराची कडी वाजवणं फुकट नाही. पण 'तुम्ही आज दहा लोकांची मतं फिरवलीत' असं संध्याकाळी पिझ्झा वाटताना सांगणारा संयोजक खोटी आशा वाटतोय. आणि खोट्या आशेचं बिल निकालाच्या रात्री येतं.

मग पडल्यानंतर काम करायचं म्हणजे काय करायचं? मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण एका उमेदवाराचं नाहीच, एका हरलेल्या सार्वमताचं आहे.

४ नोव्हेंबर २००८. अमेरिकेच्या आशावादी राजकारणाचा सर्वोच्च दिवस, ओबामा निवडून आले तो. कॅलिफोर्नियात त्यांना एकसष्ट टक्के मतं. त्याच राज्यात, त्याच मतपत्रिकेवर, त्याच दिवशी प्रपोझिशन ८ला बावन्न टक्के मतं पडली आणि समलिंगी विवाहाचा हक्क राज्यघटनेतून काढला गेला. म्हणजे लाखो लोकांनी एका हाताने ओबामांना आणि दुसऱ्या हाताने या बंदीला मत दिलं. ज्यांनी महिनोन् महिने या विरोधात प्रचार केला होता त्यांच्यासाठी ती रात्र कशी असेल याची कल्पना करा: रस्त्यावर जल्लोष, आणि तुमचं लग्न रद्दबातल होणार का याची चर्चा.

लॉस एंजेलिस एलजीबीटी सेंटरमधले डेव्हिड फ्लायशर आणि त्यांचे स्वयंसेवक यांनी यानंतर जे केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. जिथे आपण हरलो त्या वस्त्यांमध्ये ते परत गेले. निवडणूक समोर नव्हती. मत मागायचं नव्हतं. तुम्ही आमच्याविरुद्ध मत का दिलंत, एवढंच विचारायचं होतं. संभाषणांचं चित्रीकरण करायचं, संध्याकाळी एकत्र बसून पाहायचं, कुठे माणूस मोकळा झाला आणि कुठे मिटला ते शोधायचं. हजारो संभाषणं, वर्षानुवर्षं. हळूहळू कळलं ते असं, की समानतेची भाषणं आणि मुद्देसूद युक्तिवाद दारात फारसे चालत नाहीत. समोरच्याला त्याच्या स्वतःच्या आयुष्यातला एखादा प्रसंग विचारला, कोणी आपल्याला वेगळं ठरवून वागवलं होतं असा, आणि मध्ये न बोलता ऐकून घेतलं, आपला प्रसंग सांगितला, की काहीतरी हलतं. याला पुढे 'डीप कॅनव्हासिंग' असं नाव पडलं. साध्या मराठीत, नीट बसून बोलणं.

पुढची गोष्ट आपल्या वाचकांसाठी खास आहे, कारण यात संशोधकांचीच नाचक्की आहे. डिसेंबर २०१४मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मायकल लाकूर हा डॉक्टरेट करणारा विद्यार्थी आणि वर उल्लेख आलेले डोनाल्ड ग्रीन यांचा निबंध आला: अशा एका संभाषणाने मतं बदलतात आणि बदललेली राहतात. सगळीकडे गाजला. ब्रूकमन आणि काला तेव्हा बर्कलीत विद्यार्थी होते. तसाच प्रयोग करायला गेले तर लाकूरचे आकडे जमेनात. मे २०१५मध्ये त्यांनी पीटर अॅरोनाऊ यांच्यासोबत त्यातल्या विसंगती जाहीर केल्या. ग्रीन यांनी स्वतःच निबंध मागे घ्यायची विनंती केली, आणि तो मागे घेतला गेला. सेंटरमधल्या लोकांनी संभाषणं खरीच केली होती. त्यांच्या परिणामांचा पुरावा मात्र बनावट निघाला. सहा-सात वर्षांच्या कामाची अशी शोभा झाल्यावर माणसं घरी गेली असती तरी कोणी बोट दाखवलं नसतं.

गेली नाहीत. मायामीत तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांबद्दल त्यांनी तशीच संभाषणं केली, या वेळी मोजमाप ब्रूकमन आणि काला यांचं. २०१६मध्ये त्याच 'सायन्स'मध्ये निष्कर्ष आला. ५०१ मतदार, ५६ स्वयंसेवक, साधारण दहा मिनिटांचं बोलणं. पूर्वग्रह कमी झाला आणि तीन महिन्यांनंतरही तो फरक टिकलेला होता. ज्यांनी खोटं पकडलं त्यांनीच खरं मोजून दाखवलं. मी निकालाच्या पुढच्या आठवड्यात विद्यार्थ्यांना हा निबंध वाचायला देतो, मग निकाल कोणाच्याही बाजूने असो.

पण इथेही गोड शेवट करायचा मोह टाळायला हवा. प्रपोझिशन ८ या संभाषणांनी गेलं नाही. ते न्यायालयात पडलं; २०१३ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कॅलिफोर्नियात विवाह परत सुरू झाले. दारादारात फिरणारे एका वाटेने चालत होते आणि यश दुसऱ्याच वाटेने आलं. राज्यघटनेतले ते निर्जीव शब्द मतदारांनी प्रत्यक्ष पुसले ते २०२४ साली, प्रपोझिशन ३ मंजूर करून, साठ टक्क्यांहून जास्त मतांनी. तारीख ५ नोव्हेंबर २०२४. त्या रात्री देशाचा निकाल काय लागला ते सगळ्यांना आठवतंय, त्यामुळे ही बातमी कोणी वाचलीच नाही.

या सेंटरच्या स्वयंसेवकांना मराठीत मी कार्यकर्ता म्हणेन. हा शब्द इंग्रजीत नेता येत नाही, मी प्रयत्न केलाय. 'व्हॉलंटिअर' प्रचारापुरता असतो. त्याच्या टी-शर्टवर उमेदवाराचं नाव असतं आणि निवडणुकीनंतर तो टी-शर्ट व्यायामाला वापरला जातो. कार्यकर्ता आधीही असतो, नंतरही असतो, दहनाला, दवाखान्यात, रेशनकार्डाच्या रांगेत असतो. अर्थात त्याचं उदात्तीकरण नको. आपल्याकडचा निष्ठावंत कार्यकर्ता म्हणजे ज्याने आयुष्यभर सतरंज्या उचलायच्या आणि तिकीट मिळणार कालपरवा आलेल्या पैसेवाल्याला. हरल्यावर टिकून राहण्याचं जे कौतुक होतं त्यात हा शोषणाचा भाग बेमालूम झाकला जातो. 'निराश होऊ नका' हे वाक्य नेहमी कोण कोणाला म्हणतं? नेता कार्यकर्त्याला. उलट कधी ऐकलंय?

पैशाचा विषय निघालाच आहे तर श्री ठाणेदार यांच्याबद्दल बोलायला हवं. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले, अॅक्रनहून रसायनशास्त्रात पीएच.डी. केलेले उद्योजक. 'ही श्रींची इच्छा' या त्यांच्या मराठी आत्मकथनामुळे महाराष्ट्रात ते खासदार व्हायच्या कितीतरी आधीपासून माहीत होते. २०१८ला ते मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत उतरले, स्वतःचे सुमारे एक कोटी डॉलर घातले आणि तिघांत तिसरे आले. ग्रेचन व्हिटमर जिंकल्या. मग ते डेट्रॉइटला राहायला गेले, २०२०ला राज्याच्या प्रतिनिधीगृहात आणि २०२२ला काँग्रेसमध्ये निवडून आले. इथल्या मराठी घरांत ही गोष्ट जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि त्यात जिद्द आहेच. पण त्याच वर्षी पडलेल्या विलेलांच्या शेजारी ती ठेवून वाचली की दिसतं: पराभवानंतर आशावादी राहायलाही भांडवल लागतं. ज्याला एक कोटी बुडाल्यावर दोन वर्षांत परत उभं राहता येतं त्याच्या चिवटपणाचे धडे सगळ्यांना गिरवायला सांगणं बरं नव्हे. आपली मंडळांतली व्याख्यानं नेमकं हेच करतात.

आणि बेळगाव म्हटल्यावर दुसरी गोष्ट टाळता येत नाही. महाराष्ट्र एकीकरण समितीइतकी लांब चाललेली आशा मराठी राजकारणात दुसरी नसेल. १९५६पासून सुरू आहे. १९६७चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४ला महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात नेलेला दावा, दर वर्षी १ नोव्हेंबरचा काळा दिवस. आणि मतपेटीत? कर्नाटक विधानसभेत २०१३ला दोन जागा, २०१८ला शून्य, २०२३ला शून्य. तिथल्या माणसांच्या भाषेवर जे बेतलं ते खरं आहे, मागणी मला मान्य आहे. म्हणूनच विचारावंसं वाटतं, की मतदार का सुटत गेला हे विचारत कोणी दारादारात फिरलं का? गटबाजीवर खापर फोडून झालं की पुन्हा तोच ठराव, तोच मोर्चा. आशा पिढीजात झाली की ती तपासायची असते हे विसरायला होतं, एखाद्या सामाईक वाड्यासारखं. भाडंही येत नाही, विकताही येत नाही.

याउलट, १९५२ला मुंबईत काजरोळकरांकडून आणि १९५४ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब आंबेडकर पडले. १९५७ला, त्यांच्या पश्चात, त्यांच्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनने संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील होऊन निवडणूक लढवली आणि दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेत गेले. मधल्या काळात बदलली ती आघाडी, मैदान आणि सोबतीला कोण आहे ते. मतदार तर बहुतेक तेच होते.

माझ्यासारखे जे-१ किंवा एच-१बी व्हिसावर इथे आहेत त्यांची अवस्था या सगळ्यात जरा विनोदी आहे. आम्हाला मत नाही. देणगी देणं बेकायदा. ग्रीनकार्ड असेल तर देणगी चालते, मत तरीही नाही. पण मोबदला न घेता प्रचारात राबायला फेडरल निवडणूक आयोगाच्या नियमांची हरकत नाही, फक्त निर्णय घ्यायच्या जागी बसायचं नाही. म्हणजे कायद्याने आमच्यासाठी नेमकं सतरंज्या उचलण्याचं खातं मोकळं ठेवलंय. न्यूयॉर्क शहराने २०२१ला बिगरनागरिकांना स्थानिक निवडणुकीत मताचा हक्क देणारा कायदा केला होता, तो मार्च २०२५मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच शहरात झोहरान ममदानी महापौर म्हणून निवडून आले, असंख्य मत नसलेल्या लोकांनी त्यांच्यासाठी दारं वाजवली होती.

ममदानींच्या विजयावर आता पुस्तकं येतील, माहितीपटही येईल. तो आला की मी त्यात दोन नावं शोधणार आहे. खादर एल-यतीम, २०१७, ब्रुकलिनमधून नगर परिषदेसाठी, पडले. ममदानी त्यांच्या प्रचारात काम करत होते. रॉस बार्कन, २०१८, राज्य सिनेटसाठी, तेही पडले, प्रचारप्रमुख ममदानी. दोन्ही लढती बे रिज भागातल्या. ही दोन वर्षं त्या माहितीपटात तीस सेकंदांत उरकली, पार्श्वसंगीत वाढवून, तर समजायचं की पुन्हा शंभरातली एकच दाखवलीय. त्या प्रचारांच्या याद्यांमधल्या कोणाकोणाला पुढे फोन गेले, हे कोणी चित्रित केलं असेल तर मला ते तीन तासांचं असलं तरी चालेल.